नवे पाटे टाकले तरी पिकअप मागून पुन्हा बसते: दोष कुठे शोधायचा

ही तक्रार साधारण एकाच क्रमाने पुढे सरकते. लांबच्या कच्च्या प्रवासासाठी पिकअप तयार केली, हौद्यावर कॅनॉपी म्हणजे बंद छप्पर चढवलं, टपावर तंबू बसवला, आत ड्रॉवर केले. गाडी मागून बसली म्हणून जाड पाटे, म्हणजे मागच्या एक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, टाकले. सहा-आठ महिने बरे गेले आणि गाडी पुन्हा बसली. मग एअरबॅग, म्हणजे पाट्यांना मदत म्हणून लावायच्या हवेच्या रबरी पिशव्या, आल्या. त्यानंतर कुणाचा पाट्यांची चळत मधोमध जोडणारा सेंटर बोल्ट तुटतो, कुणाचा शॉकअप तेल गाळू लागतो, तर कुणाची चासीच केबिनच्या मागे वाकते.

दर वेळी तुटलेला भाग बदलला जातो आणि वजन कुणीच करत नाही. पाटा दुसऱ्यांदा बसला की तो पाटा वाईट होता असं धरून चालू नये. बहुतेक वेळा मागच्या एक्सलवर त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त वजन असतं, किंवा एकूण वजन हिशेबात असूनही ते चुकीच्या जागी ठेवलेलं असतं. या दोन्ही गोष्टी कळल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नका.

पाटीवरचे चार आकडे

दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनखणात उत्पादकाची पाटी असते. तिच्यावर आणि पुस्तिकेत मिळून चार आकडे सापडतात: गाडीचं कमाल एकूण वजन म्हणजे जीव्हीएम, पुढच्या एक्सलची मर्यादा, मागच्या एक्सलची मर्यादा, आणि ट्रेलरसकट कमाल वजन म्हणजे जीसीएम. जीव्हीएममधून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की पेलोड, म्हणजे माणसं-सामान मिळून किती वजन चढवता येईल तो आकडा, निघतो.

घोळ होतो तो 'रिकामी गाडी' या शब्दावर. युरोपातल्या नियमाप्रमाणे चालू स्थितीतल्या गाडीच्या वजनात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के इंधन धरलेलं असतं. ऑस्ट्रेलियात टेअर वजन म्हणजे फक्त १० लिटर इंधन असलेली गाडी. ८० लिटरची डिझेल टाकी धरली, तर नुसत्या इंधनामुळे या दोन व्याख्यांत पन्नासेक किलोचा फरक पडतो, कारण डिझेलचं वजन लिटरला साधारण ०.८४ किलो असतं. शिवाय कागदावरचा आकडा बहुधा सगळ्यात साध्या मॉडेलचा असतो. टोइंग हुक, पायऱ्या, सनरूफ असलेलं वरचं मॉडेल घेतलं असेल, तर पेलोडचा काही भाग शोरूममध्येच संपलेला असतो.

दोन एक्सलच्या मर्यादांची बेरीज बहुतेक गाड्यांत जीव्हीएमपेक्षा जास्त भरते. त्या जादा आकड्यावर तुमचा हक्क नाही. सामान थोडं पुढेमागे झालं तरी चालावं म्हणून ती सवलत ठेवलेली असते. यातून दोन गोष्टी निघतात: एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल मर्यादेबाहेर असू शकतो, आणि दोन्ही एक्सल मर्यादेत असूनही गाडी एकूण जड असू शकते. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे तपासावे लागतात.

वजनकाट्यावर काय करायचं

प्रवासाला निघताना गाडी जशी असते तशीच काट्यावर न्या. टाकी भरलेली, पाण्याची टाकी भरलेली, फ्रिजमध्ये अन्न, गाडीत माणसं. 'अंदाजे एवढंच असेल' म्हणून घरी ठेवलेली एक पेटी सगळा हिशेब बिघडवते.

आधी चारही चाकं काट्यावर घेऊन एकूण वजन घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, आणि शेवटी फक्त मागची. काट्याबाहेरची जमीन काट्याच्या पातळीतच हवी, नाहीतर एका एक्सलवर खोटं वजन येतं. गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक सोडलेला आणि काट्याबाहेरच्या चाकांना ठोकळ्यांची ओट लावलेली असू द्या. ब्रेक आवळलेला असला की पाटे मोकळे बसत नाहीत आणि आकडा हलतो. मोठे वजनकाटे १० किंवा २० किलोच्या टप्प्यांत आकडा दाखवतात, त्यामुळे दोन एक्सलची बेरीज एकूण वजनाशी १०-२० किलोंनी जुळली नाही तर घाबरू नका. जागा असेल तर डावी आणि उजवी बाजूही वेगळी मोजा. फ्रिज, बॅटरी आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला आलेल्या गाड्या पुष्कळ असतात, आणि त्या बाजूचा पाटा आधी मरतो.

त्याच दिवशी सपाट जमिनीवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. टायरमधल्या हवेमुळे जमिनीपासूनची उंची बदलते, चाकाच्या मध्यापासूनची बदलत नाही. पुढे पाटे खरंच बसत आहेत की नुसतं वजन वाढलंय, हे याच नोंदीवरून कळतं.

एक उदाहरण

मध्यम आकाराची डबल कॅब पिकअप घेऊ. व्हीलबेस, म्हणजे दोन एक्सलमधलं अंतर, ३.२ मीटर, जीव्हीएम ३०५० किलो, पुढच्या एक्सलची मर्यादा १४५०, मागच्याची १७५०. पूर्ण टाकीसह रिकामी गाडी २०८० किलो, त्यातले ११८० पुढे आणि ९०० मागे. म्हणजे पेलोड ९७० किलो. ऐकायला भरपूर वाटतं.

आता वर काय चढलं ते पाहा. पुढचा लोखंडी बंपर आणि विंच (दोराने गाडी ओढून काढायचं यंत्र) ९५ किलो. खालचे संरक्षक पत्रे आणि बाजूचे स्लायडर ८०. कॅनॉपी १६०. ड्रॉवर ६५. भरलेला फ्रिज ४५. दुसरी बॅटरी, चार्जर, वायरिंग ३५. टपावरचा तंबू आणि कॅरियर ९५. पाणी ८०. पुढच्या सीटवर दोन माणसं १५०. हत्यारं आणि गाडी ओढून काढायचं सामान ७५. स्वयंपाकाचं सामान, खुर्च्या, कपडे १००. मागचा लोखंडी बंपर, त्यावरचे उघडणारे हात, दुसरी स्टेपनी आणि डिझेलचे दोन २० लिटरचे कॅन मिळून १७०. बेरीज ११५० किलो.

यात चैनीची म्हणावी अशी एकही वस्तू नाही, आणि तरी गाडी १८० किलो जड आहे. काट्यावर ती ३२३० दाखवेल, पुढे साधारण १३७० आणि मागे १८६०. मागचा एक्सल मर्यादेच्या ११० किलो वर गेला, पुढचा मात्र ८० किलो मोकळा राहिला.

शेपटीचा हिशेब

मागच्या बंपरवरच्या त्या १७० किलोंकडे नीट पाहा. ते एक्सलच्या साधारण १.३ मीटर मागे आहेत. एक्सलच्या मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं: मागचा एक्सल आधार होतो आणि पुढचा भाग उचलला जातो. सूत्र सोपं आहे. व्हीलबेस आणि मागचं अंतर यांची बेरीज, तिला वजनाने गुणायचं आणि व्हीलबेसने भागायचं. १७० गुणिले ४.५ भागिले ३.२, म्हणजे २३९ किलो. वस्तू १७० किलोंच्या, पण मागच्या एक्सलवर २३९ किलो पडले आणि पुढच्यावरून ६९ किलो कमी झाले. हलकं झालेलं स्टिअरिंग, ओल्या वळणावर सरळ सरकणारी पुढची चाकं, समोरच्याच्या डोळ्यांवर जाणारे हेडलाइट, या सगळ्याचं कारण ते ६९ किलो.

स्टेपनी आणि दोन कॅन, मिळून ८० किलो, तिथून काढून केबिनच्या पाठीला लागून, एक्सलच्या ६० सेंमी पुढे ठेवले तर मागच्या एक्सलवर फक्त ६५ किलो येतात. आधी याच ८० किलोंचे ११२ होत होते. काहीही घरी न ठेवता एक्सलवरचे ४७ किलो उतरले.

ट्रेलर लावत असाल तर हाच हिशेब आणखी कडक होतो. २५०० किलोच्या ट्रेलरचा १० टक्के भार हुकावर धरला तर २५० किलो. ते पूर्णपणे पेलोडमध्ये मोजायचे, आणि वरच्याच अंतरावर मागच्या एक्सलवर ते ३५० किलो होऊन बसतात. ट्रेलर ओढणाऱ्या आणि हौदाही भरलेल्या पिकअपची चासी वाकते ती बहुधा याच जोडीमुळे.

पाटे पुन्हा का बसतात

नवा पाटा पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये १०-२० मिलिमीटर बसतो. ते नैसर्गिक आहे, त्याला दोष म्हणू नका. त्यानंतरही उंची उतरत राहिली, तर पोलाद आपल्या सहनशक्तीपलीकडे रोज वाकतंय असा अर्थ.

पाटे विकत घेताना दोन चुका होतात. पहिली, पाटा कधीतरी येणाऱ्या कमाल वजनावर निवडला जातो. पाट्यांचे संच कायमच्या जादा वजनानुसार मिळतात: साधारण २०० किलोपर्यंत, ३०० किलो कायम, ५०० किलो कायम, अशा पायऱ्या. इथे 'कायम' या शब्दाला अर्थ आहे. प्रवासाचं सामान, पाणी, माणसं उतरवून, फक्त बोल्टने बसवलेल्या गोष्टींसह मागच्या एक्सलचं वजन घ्या आणि त्यातून मूळ रिकाम्या गाडीचा मागच्या एक्सलचा आकडा वजा करा. तो फरक म्हणजे तुमचं कायमचं जादा वजन. ५०० किलोचा पाटा २०० किलोच्या गाडीत टाकला तर खडीवर मागची चाकं उड्या मारतात, पकड सुटते आणि तो हादरा कॅनॉपीच्या जोडांपर्यंत जातो. उलट, २०० चा पाटा ४५० किलोखाली ठेवला तर तो वर्षभरात सपाट होणारच.

दुसरी चूक बसवण्यात असते, आणि चांगले संच वाया जातात ते इथेच. पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट जुने वापरू नका. एकदा आवळले की ते ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. आवळताना गाडी चाकांवर उभी हवी, क्रम तिरका हवा, आणि टॉर्क पाना गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावलेला हवा. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा आणि १००० नंतर परत एकदा. ढिल्या यू-बोल्टमुळे पाटे एकमेकांवर सरकतात आणि सगळा मार एकट्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. पाटा नेमका सेंटर बोल्टच्या भोकातून तुटलेला दिसला तर आधी यू-बोल्टवर संशय घ्या, पाट्यावर नंतर.

पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्टही गाडी जॅकवर लटकत असताना आवळू नका. रबर त्या स्थितीत जखडलं जातं आणि गाडी खाली उतरवताच पिळलं जातं. काही हजार किलोमीटरमध्ये ते फाटतं. चाकं जमिनीवर, वजन पाट्यांवर, मग शेवटचा आवळ.

शॉकअप हा वजन पेलणारा भाग नाही, पण जादा वजनाचा मार त्यालाच खावा लागतो. जड पाट्यासोबत त्याच ताकदीचा शॉकअप नसेल तर तेल तापतं, पातळ होतं आणि पन्हाळी पत्र्यासारख्या उमटलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडी तासाभरात होडीसारखी डोलू लागते. बंप स्टॉपवर, म्हणजे एक्सल आणि चासी यांच्यामधल्या रबरी ठोकळ्यावर, गाडी आदळते का हे पाहायची साधी युक्ती: शॉकअपच्या उघड्या दांड्यावर केबल टाय घट्ट बसवा आणि बंप स्टॉपच्या टोकाला लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा, अंगठ्याएवढा गोळा चिकटवा. वीस किलोमीटर कच्च्या रस्त्यावर फिरून या. गोळा चपटा झाला असेल तर रबर एक्सलला भिडतंय. टाय दांड्याच्या शेवटापर्यंत सरकला आणि गोळा मात्र गोलच राहिला, तर त्याहून वाईट: बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला लागतोय, म्हणजे त्याची लांबी चुकीची आहे.

एअरबॅग आणि वाकलेली चासी

पाट्यासोबत लावलेल्या एअरबॅगमुळे गाडी पुन्हा सरळ दिसते, म्हणून ती औषध वाटते. ती वजन कमी करत नाही. वजन चासीत कुठून शिरतं ती जागा बदलते.

मागच्या एक्सलवर पाट्यांवरचं वजन १२०० किलो धरा. पाटा ते दोन टोकांना वाटतो: ६०० पुढच्या हँगरला (पाट्याचं टोक चासीला जोडणारा कंस), ६०० मागच्या शॅकलकडे (पाट्याचं मागचं टोक मागच्या हँगरला जोडणारा हलता दुवा). मागचा हँगर एक्सलच्या साठ-सत्तर सेंमी मागे असतो, आणि तो चासीच्या शेपटीला खालून ६०० किलोने उचलून धरतो. शेपटीवर कॅनॉपी, बंपर, हुक असतानाही चासी सरळ राहते ती या आधारावर. आता बॅगेत एवढी हवा भरली की निम्मा भार तिच्यावर आला. ६०० किलो थेट एक्सलच्या वर, चासीच्या एका बिंदूवर गेले. पाट्यांकडे ६०० उरले, म्हणजे मागच्या हँगरचा आधार ३०० वर आला. शेपटी तेवढीच जड, पण तिच्या खालचा आधार अर्धा. वेगात एखाद्या खोलगट भागात गाडी दणक्याने बसली की हे सगळे आकडे क्षणभर दुप्पट-तिप्पट होतात, आणि चासी एक्सलच्या आसपास किंवा केबिनच्या मागे मोडते.

म्हणून एअरबॅगचं काम मर्यादित ठेवा. योग्य पाटे, योग्य वजन, आणि वर ट्रेलर लावल्यावर उतरलेली उंची थोडीशी परत मिळवायला कमी दाबाची हवा, इतकंच. रिकाम्या गाडीची उंची गाठायला हवा भरू नका. डावी-उजवी नळी स्वतंत्र ठेवा. एकाच नळीने जोडलेल्या बॅगा वळणावर एकमेकींत हवा ढकलतात आणि गाडी बाहेरच्या बाजूला जास्त कलते. ट्रेलर सुटल्यावर हवा उतरवा, पण पूर्ण नाही. उत्पादकाने सांगितलेला किमान दाब राखा, नाहीतर रबराला घडी पडून तिथेच भोक पडतं.

चासी वाकायला लागली का हे पट्टीने कळतं. केबिनची पाठ आणि हौद्याचा पुढचा पत्रा यांच्यातली फट वर आणि खाली मोजा, दोन्ही बाजूंनी. नवीन गाडीत मोजून ठेवली असेल तर उत्तमच. शेपटी खाली झुकू लागली की वरची फट रुंदावते आणि खालची आवळते. मग गाडीखाली झोपून मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरपासून बंप स्टॉपपर्यंतचा चासीचा पट्टा टॉर्चने बघा. शेपटी झुकते तेव्हा चासीचा वरचा भाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. त्यामुळे वरच्या कडेला रंगाची बारीक तड आणि तिच्यातून ओघळलेली गंजाची रेष, तर खालच्या कडेला कपड्याच्या चुणीसारखी सुरकुती शोधायची. भोकांच्या आणि वेल्डच्या कडा जास्त बारकाईने बघा. चुणी दिसली तर प्रवास तिथेच थांबवा. वर पट्टी वेल्ड करून पुढे जाणं हा उपाय नव्हे. पट्टी जिथे संपते तिथे ताकद एकदम बदलते आणि पुढची तड तिथूनच निघते. मजबुती द्यायचीच तर ती त्या मॉडेलसाठी रेखाटलेल्या लांब, टोकाला निमुळत्या होणाऱ्या पट्ट्यांनी, चासीचं काम जाणणाऱ्या माणसाकडून.

ब्रेक

उंची वाढवलेल्या पिकअपमध्ये हा दोष वारंवार दिसतो आणि क्वचितच ओळखला जातो. मागे ड्रम असलेल्या पुष्कळ पिकअपमध्ये चासीवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. गाडी भरून मागून खाली बसली की दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब देतो. पाटे टाकून गाडी ४०-५० मिलिमीटर उचलली की भरलेली गाडीही त्या दांडीला रिकामी वाटते. मागचे ब्रेक अर्धेमुर्धे लागतात आणि सगळं काम पुढचे करतात. पुढचे पॅड लवकर झिजतात, उतारावर तापल्याचा वास येतो, पॅडल लांब जातं, आणि मेकॅनिक पॅड बदलून देतो. दांडीची जोडणी जेवढी गाडी उचलली तेवढी भरून काढणाऱ्या ब्रॅकेटने सरकवा, आणि मागच्या ब्रेकचा दाब गेज लावून मॅन्युअलशी पडताळून घ्या. ज्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतं, तिथे दांडी सापडणार नाही.

टायर आणि रिम

टायरच्या बाजूवर मापानंतर भार निर्देशांक असतो. ११२ म्हणजे प्रत्येकी ११२० किलो, ११६ म्हणजे १२५०, १२० म्हणजे १४००, १२१ म्हणजे १४५०. हे आकडे टायरच्या पूर्ण दाबासाठी आहेत. हवा कमी तशी क्षमता कमी. मोटारीच्या वर्गातले, मापाआधी पी असलेले टायर पिकअपला लावले तर अमेरिकी नियमाप्रमाणे त्यांची क्षमता १.१ ने भागून धरतात, म्हणजे ११२० चे १०१८ होतात.

हवा बरोबर आहे का हे थंड आणि गरम दाबाच्या फरकावरून कळतं. सकाळी मोजा, तासभर चालवून परत मोजा. जाड एलटी (हलक्या ट्रकच्या वर्गातल्या) टायरमध्ये ४ ते ६ पीएसआय वाढ ठीक. त्याहून जास्त वाढ झाली तर सुरुवातीची हवा कमी होती आणि टायर वाकून तापतोय. वाळूत हवा उतरवली असेल तर वेगही उतरवा, आणि पक्क्या रस्त्याला लागण्याआधी हवा भरा.

बाजारातून घेतलेल्या रिमच्या आतल्या बाजूला तिची कमाल क्षमता कोरलेली असते. टायर १४०० किलोचा आणि रिम १००० ची, अशी जोडी गाडीला लागलेली आढळते. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) किंवा बाहेर निघालेली रिम लावली तर चाकाचा भार बेअरिंगपासून दूर जातो. मागच्या ड्रमच्या आतून तेल ओघळलेलं दिसणं हे बेअरिंग आणि ऑइल सील थकल्याचं पहिलं चिन्ह.

वजन कुठून उतरवायचं

वरच्या उदाहरणातल्या गाडीकडे परत येऊ. दुसरी स्टेपनी घरी ठेवली, ३८ किलो. तिचा आणि कॅनचा उघडणारा लोखंडी हात काढला, २५. दोनऐवजी एकच कॅन, २१, आणि तो हौद्यात केबिनला लागून. पाणी ८० ऐवजी ४० लिटर, जिथे वाटेत पाणी मिळतं तिथे. जुन्या पद्धतीच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेट, १६ किलो. हत्यारं आणि स्वयंपाकघरातून ४०: दुहेरी पाने, बिडाचा तवा, कधीच न उघडलेल्या पेट्या. बेरीज १८०. गाडी नेमकी ३०५० वर आली.

मागचा एक्सल २०० किलोहून जास्त हलका होऊन साधारण १६५० वर आला, कारण काढलेलं बरंच वजन शेपटीवरचं होतं. पुढचा एक्सल मात्र तीसेक किलो जड होऊन १४०० वर आला. शेपटी हलकी झाली की पुढच्या चाकांना त्यांचा भार परत मिळतो, म्हणून सामान काढल्यावर पुढचा आकडाही पुन्हा बघायचा. इथे पुढे आणखी जड विंच बसवायला फारशी जागा नाही.

मर्यादेवर टेकलेली गाडी कच्च्या रस्त्यासाठी अजूनही जडच आहे. चिखल, ओला तंबू, वाटेत घेतलेलं सरपण, ही वाढ कुणी मोजत नाही. शंभरेक किलो मोकळे राहावेत असा प्रयत्न करा. लोखंडी ड्रॉवर काढून त्याजागी कप्पे पाडलेल्या हलक्या पेट्या आणि पट्टे वापरले तर चाळीसेक किलो एका दुपारच्या कामात निघतात. विंचवर पोलादी दोराऐवजी सिंथेटिक दोर घेतला तर पुढून आठ-दहा किलो जातात. पाण्याची टाकी नेहमी खाली, एक्सलच्या पुढे आणि आत आडवे पत्रे असलेली. उंच आणि मोकळ्या टाकीतलं पाणी वळणावर गाडीला ढकलतं.

टपाचा हिशेब वेगळा ठेवा. चालत्या गाडीच्या टपाची मर्यादा आणि उभ्या गाडीची मर्यादा हे दोन निराळे आकडे आहेत. तंबूत दोघं झोपतात तेव्हा उभ्या गाडीची मर्यादा लागू होते. रस्त्यावर असताना चालत्या गाडीची, जी खूप कमी असते आणि ज्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही मोजलं जातं. कच्च्या रस्त्यासाठी अनेक उत्पादक ती आणखी कमी सांगतात. कॅनॉपीवर तंबू असेल तर गाडीची नाही, कॅनॉपीची मर्यादा बघायची.

जीव्हीएम वाढवता येतो का? नुसते पाटे बदलून नाही. पाटीवरचा आकडा पाटे, एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि चासी यांतल्या सगळ्यात कमजोर भागावर ठरतो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो आकडा तसाच राहतो. ऑस्ट्रेलियासारख्या काही देशांत ठरावीक मॉडेलसाठी तपासलेले संच बसवून, प्रमाणपत्र घेऊन वाढीव आकडा नोंदवता येतो. तसं करत असाल तर मागच्या एक्सलची मर्यादाही वाढली का, ट्रेलरसकट जीसीएम तोच राहिला का, आणि नव्या वजनाने परवान्याचा वर्ग बदलतो का, हे तीन प्रश्न सही करण्याआधी विचारा. जीसीएम तोच राहिला असेल तर गाडीत वाढलेला प्रत्येक किलो पूर्ण भारावर ट्रेलरमधून वजा होतो.

आता पाटे घ्या. उदाहरणातल्या गाडीत बोल्टने बसवलेल्या गोष्टींमुळे मागे साधारण ४५० किलो कायमचे आहेत. ड्रॉवर काढले तर ४०० च्या खाली. तेवढ्या फरकाने पाट्याची पायरी बदलू शकते, म्हणून ड्रॉवरचा निर्णय आधी, पाट्याची ऑर्डर नंतर. पुढचे स्प्रिंगही विंच-बंपरच्या वजनाप्रमाणे त्याच वेळी बदला. बसवून झाल्यावर चाकांचं अलाइनमेंट करा, गाडी भरून हेडलाइट खाली घ्या, ५०० किलोमीटरला यू-बोल्ट आवळा आणि त्याच दिवशी भरलेली गाडी परत काट्यावर नेऊन तिन्ही आकडे आणि चारही उंच्या जुन्या नोंदीशेजारी लिहा.